जुन्या वॉलपेपरवर रंग द्यावा की वॉलपेपर काढून टाकावा?

जळगावच्या एका वाचकांनी विचारले आहे: "आम्ही घेतलेल्या जुन्या फ्लॅटमध्ये हॉलची एक १२ फुटी भिंत आणि बेडरूमची एक भिंत वॉलपेपरने मढवलेली आहे. कागद दहा-बारा वर्षांचा असावा. हॉलमध्ये कूलरच्या खिडकीजवळ तो दोन ठिकाणी सुटला आहे. बेडरूममधला घट्ट आहे. रंगारी म्हणतात की कागद काढण्याची गरज नाही, त्यावरच प्रायमर मारून रंग देऊ. शेजारी म्हणतात की काढल्याशिवाय रंग टिकणार नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी येणार आहेत, त्याआधी काम उरकायचे आहे. काय करावे?"

हॉलच्या भिंतीवरचा कागद पूर्ण काढावा. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बेडरूमच्या भिंतीचा निर्णय मात्र पुढे दिलेल्या तपासण्या करून घ्यावा, आणि त्या तपासण्यांतून स्पष्ट कौल मिळाला नाही तर तिथलाही कागद काढावा. भिंतींना रंग देण्याच्या कामात इतकी वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे बनले आहे की कागद काढणे हा नियम आहे आणि त्यावर रंग देणे हा अपवाद आहे. अपवादाची परिस्थिती खरोखर असते, पण ती रंगाऱ्याच्या सोयीवरून ठरत नाही; कागदामागची भिंत कशी आहे आणि कागद कशाने चिकटवला आहे, यावरून ठरते.

आधी चिकटीचा विचार करू. वॉलपेपर चिकटवण्याची पावडर बहुधा स्टार्चची किंवा मिथाइल सेल्युलोजची असते, आणि दोन्ही पाण्यात विरघळतात. कागद बसवताना हाच गुण उपयोगी पडतो आणि रंग देताना हाच आड येतो. आजचे इमल्शन रंग पाण्यात पातळ केलेले असतात. असा रंग किंवा पाण्यावरचा प्रायमर कागदावर मारला की पाणी जोडांतून, टाचणीच्या छिद्रांतून आणि कागदाच्या पोटातून चिकटीपर्यंत पोहोचते, चिकट पुन्हा मऊ होते, कागद फुगतो आणि जागोजागी फुगे येतात. त्यातले काही फुगे वाळल्यावर बसतात, त्यामुळे रंगारी समाधानाने पैसे घेऊन जातो. परंतु जोडांच्या कडा एकदा उचलल्या की वरच्या रंगाचा थर वाळून आकसताना त्यांना ओढत राहतो आणि पहिल्याच पावसाळ्यात त्या ठिकाणी पापुद्रे दिसू लागतात. बाजारात सर्वाधिक चालणारा वॉलपेपरचा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब, म्हणजे साधारण ५७ चौरस फुटांचा असतो. आपल्या १२ फुटी भिंतीवर त्याच्या सात पट्ट्या आणि सहा उभे जोड येतात. खिडकीतून तिरपा उजेड पडला की हे सहाही जोड रंगाखालून रेघांसारखे उमटतात, आणि त्यांवर पुट्टी ओढली तरी ती कागदावर असल्यामुळे कागद हलला की तिला तडा जातो.

दुसरी अडचण कागदाच्या पृष्ठभागाची आहे. आपल्याकडे "धुता येणारा" म्हणून विकला जाणारा बहुतेक वॉलपेपर व्हिनाइलचा, म्हणजे वर पीव्हीसीचा पातळ थर असलेला असतो. या गुळगुळीत थरावर इमल्शन नीट पकड घेत नाही. शिवाय पीव्हीसी लवचीक ठेवण्यासाठी त्यात जे द्रव्य मिसळलेले असते ते हळूहळू पृष्ठभागावर येते आणि वरचा रंग मऊ व चिकट करते; अशा भिंतीवर उन्हाळ्यात धूळ बसली की ती पुसूनही निघत नाही. जिथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, त्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात हा त्रास थंड प्रदेशापेक्षा अधिक जाणवतो. उठावदार नक्षीचा, मखमली किंवा चमकीचा कागद असेल तर रंगाचे कितीही हात दिले तरी नक्षी दिसतच राहते. गडद लाल किंवा निळी छपाई असेल तर तिची शाई पाण्याच्या रंगातून वर फुटते. विटांच्या आकाराचे फोमचे चिकट पॅनेल लावलेले असतील तर त्यांवर रंग देण्याचा विचारच करू नये: ते बोटाने दबतात आणि आग लागल्यास पेट घेतात. ते काढूनच टाकावेत.

आता भिंतीकडे वळतो, कारण खरा निर्णय तिथे होतो. खानदेशातल्या भिंती एकाच प्रकारच्या नाहीत. गेल्या काही वर्षांत बांधलेल्या फ्लॅटमध्ये सिमेंटच्या गिलाव्यावर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी असते. ती पाणी बऱ्यापैकी सहन करते, म्हणून अशा भिंतीवरचा कागद भिजवून काढणे सुरक्षित असते. त्याआधीच्या घरांमध्ये गिलाव्यावर चुन्याचे नीरू फिनिश (गुळगुळीत पातळ लेप) आणि त्यावर डिस्टेंपरचे अनेक थर आढळतात. अशा भिंतीवर कागद चिकटवलेला असेल तर तो बहुधा भिंतीला चिकटलेला नसून डिस्टेंपरच्या भुकटीला चिकटलेला असतो आणि ओढला की डिस्टेंपरसकट निघतो. हे नुकसान वाटते, पण तो थर तसाही निघणार होता. तिसरा प्रकार जिप्समच्या गिलाव्याचा किंवा पीओपीच्या पनिंगचा, म्हणजे गिलाव्यावर दिलेल्या पीओपीच्या पातळ गुळगुळीत थराचा. हा जास्त पाण्याने मऊ पडतो, त्यामुळे तिथे कागद काढताना पाणी मोजून वापरावे लागते आणि वाफेचे यंत्र टाळावे लागते. जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनवर प्रायमर न मारता थेट वॉलपेपर लावलेला असेल, तर कागद ओढताना बोर्डाचा वरचा पुठ्ठाच फाटतो. अशा ठिकाणी कागद ठेवून रंग देणे हा कित्येकदा शहाणपणाचा मार्ग ठरतो.

राहिली धाब्याची जुनी घरे. चोपडा, यावल, शिरपूर, शहादा या भागांत मातीच्या भिंतींची आणि मातीच्या सपाट छताची घरे अजून आहेत, आणि त्यांच्या पुढच्या खोलीत हल्ली चिकट पाठीचे पीव्हीसीचे स्टिकर लावलेले पाहायला मिळतात. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि उघड्या पृष्ठभागातून ती बाहेर सोडते. स्टिकर लावला की ती वाट बंद होते, ओल आतच साचते, खार फुटतो आणि माती आतून भुसभुशीत होते. अशा भिंतीवर स्टिकरही नको आणि स्टिकरवर प्लास्टिक पेंट तर अजिबात नको. तो कोरडाच, पाणी न लावता, सावकाश सोलून काढावा आणि भिंतीला पुन्हा माती-चुन्याचाच हात द्यावा.

आपल्या दोन भिंतींच्या तपासणीला एक दिवस पुरतो. पहिली तपासणी हाताने आणि कानाने करावी. बोटांच्या पेरांनी संपूर्ण भिंतीवर हळूहळू ठोकत जावे. भरीव आवाज येतो तिथे कागद व गिलावा धरून आहेत. पोकळ आवाज येतो तिथे एक तर कागद सुटला आहे किंवा गिलावाच सुटला आहे. एकूण भिंतीच्या थोड्याशाच भागात पोकळ आवाज असेल तर तो भाग कापून दुरुस्त करता येतो. ठिकठिकाणी असेल तर कागद काढण्यावाचून पर्याय नाही. दुसरी तपासणी ओलीची. फूटभर चौरस स्वच्छ प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने भिंतीवर बंद करून चोवीस तास ठेवावे. व्हिनाइल कागद ओल अडवतो, म्हणून ही तपासणी कागदाचा एक तुकडा कापून उघड्या केलेल्या भिंतीवर करावी. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसले तर भिंतीतून ओल येते आहे, आणि ती थांबवण्याआधी कागदावर काय किंवा भिंतीवर काय, रंगाचा खर्च करू नये.

तिसरी तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि नेमकी तीच कोणी करत नाही. सोफ्यामागे किंवा कपाटामागे, जिथे दिसणार नाही अशा जागी, कागदाचा तळहाताएवढा चौकोन ब्लेडने कापून सोलून पाहावा. मागे काय आहे ते डोळ्यांनी दिसते: पुट्टी, नीरू, डिस्टेंपर, जुना तेली रंग, की आधीच्या वॉलपेपरचा आणखी एक थर. कागदाचे दोन थर असतील तर प्रश्न तिथेच मिटतो. दोन थरांवर रंग देऊ नये. त्याच चौकोनात भिंतीवर उरलेल्या चिकटीला घरातल्या पोव्हिडोन-आयोडीनचा (जखमेवर लावायच्या औषधाचा) पाण्यात पातळ केलेला थेंब लावावा. डाग निळा-काळा झाला तर चिकट स्टार्चची आहे. रंग बदलला नाही आणि ओल्या बोटाला ती जागा बुळबुळीत लागली तर ती बहुधा सेल्युलोजची आहे. थेंब भिंतीवरच लावावा, कागदावर नाही, कारण पुष्कळ कागदांच्या घडणीतच स्टार्च असतो आणि उत्तर चुकते. हा भेद पुढे पाणी किती गरम घ्यायचे हे ठरवण्यासाठी लागतो. दोन्ही लक्षणे दिसली नाहीत आणि पाण्याने काहीच मऊ पडले नाही, तर बसवणाऱ्याने सुतारकामाचा पांढरा सिंथेटिक डिंक वापरला आहे असे समजावे. अशा भिंतीवर कागद काढणे फार कष्टाचे असते आणि पुट्टीही सोबत येते.

बेडरूमचा कागद साधा, सपाट, एकाच थराचा, पूर्ण घट्ट असेल, भिंत कोरडी असेल आणि मागे जिप्सम बोर्ड, सिंथेटिक डिंक किंवा कमजोर गिलावा असल्यामुळे कागद काढणे खरोखर जास्त नुकसानीचे असेल, तरच त्यावर रंग द्यावा. तसे करायचे ठरले तर पाण्यावरचा प्रायमर चालणार नाही. टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारा प्रायमर घ्यावा, कारण तो चिकटीला भिजवत नाही आणि शाईलाही अडवतो. त्याआधी सुटलेल्या कडा चिकटवून घ्याव्यात, कागद ओल्या नव्हे तर नुसत्या दमट फडक्याने पुसावा, व्हिनाइलची चमक २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच उतरवावी आणि धूळ झटकावी. प्रायमर पूर्ण वाळल्यानंतर जोडांवर ॲक्रिलिक पुट्टीचा पातळ हात द्यावा, तो घासावा, पुट्टीच्या जागी पुन्हा प्रायमर लावावा आणि मग इमल्शनचे दोन हात द्यावेत. संपूर्ण भिंतीला हात घालण्याआधी दोन-तीन फुटांच्या, मधोमध जोड असलेल्या तुकड्यावर हे सर्व करून दोन दिवस थांबावे. फुगा आला नाही आणि टेप चिकटवून झटक्याने ओढल्यावर रंग निघाला नाही, तर पुढे जावे. टर्पेंटाइनची वाफ पेट घेते, म्हणून त्या दिवशी खोलीत उदबत्ती, निरांजन किंवा शेगडी पेटवू नये आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

हा मार्ग निवडताना एक गोष्ट मान्य करून निवडावी. रंगाचे थर बसल्यानंतर पाणी कागदापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे पुढे कधी कागद काढावा लागला तर आजच्या कित्येक पट मेहनत पडते. आधी रंगाच्या थरावर चरे पाडावे लागतात आणि तरीही कागद तुकड्यातुकड्यांनी निघतो. आज वाचलेली मजुरी तेव्हा व्याजासकट द्यावी लागते. फ्लॅट स्वतःच्या राहण्यासाठी घेतला असेल तर हा हिशेब कागद काढण्याच्याच बाजूने झुकतो. भाड्याच्या घरात वर्ष-दोन वर्षांची सोय पाहायची असेल, तर घरमालकाला विचारून वेगळा निर्णय घेता येईल.

हॉलच्या भिंतीबद्दल मी सुरुवातीलाच ठाम बोललो त्याचे कारण कूलर आहे. खिडकीत बसवलेला कूलर मार्चअखेरपासून पावसाळा लागेपर्यंत दमट हवा आत सोडतो आणि त्याच्या बाजूच्या भिंतीवर बारीक तुषार बसत राहतात. टाकी किंवा पाइप ठिबकत असेल तर पाणी खिडकीच्या उंबऱ्यातून गिलाव्यात उतरते, आणि आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार तिथे पांढऱ्या खाराच्या रूपाने फुटतात. व्हिनाइल कागदामागे ही ओल अडकली की काळी बुरशी धरते. आपल्याकडे कागद जिथे सुटला आहे तिथे तो उलटून पाहा. काळे ठिपके किंवा कुबट वास असेल तर हे अनुमान पक्के समजावे. बुरशीवर रंग दिला तर ती रंगातून वर येते. म्हणून आधी कूलरची चौकट बाहेरच्या बाजूने उतार देऊन बसवावी, फटी बुजवाव्यात, मगच भिंतीला हात लावावा.

दुसरे कारण काळ्या मातीचे आहे. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते; पाया पुरेसा खोल नसेल तर भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा पडतात. अशा भेगा झाकण्यासाठी वॉलपेपर लावलेला मी अनेक घरांत पाहिला आहे, आणि जुना फ्लॅट विकत घेणाऱ्याने तरी मागची भिंत एकदा उघडी करून पाहिलीच पाहिजे असे मला मनापासून वाटते. केसाएवढी भेग इंग्रजी व्हीच्या आकारात खरवडून, क्रॅक फिलरने भरून, त्यावर जाळीची पट्टी बसवून दुरुस्त होते. भेगेत नाण्याची कड सहज शिरत असेल, किंवा ती वाढत असेल, तर रंगाऱ्याच्या आधी इंजिनिअरला बोलवावे.

कागद काढताना सर्वप्रथम त्या खोलीचा एमसीबी बंद करावा, कारण पाणी स्विचबोर्डात जाते. फर्निचर हलवून फरशीवर प्लास्टिक आणि त्यावर जुनी गोणपाटे अंथरावीत. व्हिनाइल कागदाचा वरचा थर कोपऱ्यातून धरून भिंतीशी जवळजवळ समांतर, खालच्या दिशेने ओढला तर तो बऱ्याचदा मोठ्या पट्ट्यांत निघतो आणि मागे पांढरा अस्तराचा कागद राहतो. सरळ स्वतःकडे ओढू नये; त्याने पुट्टीचे पोपडे निघतात. वरचा थर निघत नसेल तर ब्लेडने हलके चरे पाडावेत, पण ते पुट्टीत उतरू देऊ नयेत. मग पाण्यात थोडा भांड्यांचा लिक्विड साबण मिसळून स्पंजने किंवा फवारणीच्या बाटलीने अस्तर भिजवावे. स्टार्च असेल तर गरम पाणी लवकर काम करते. सेल्युलोज मात्र गरम पाण्यात विरघळत नाही, उलट घट्ट होते. त्याला साधे किंवा कोमट पाणीच लागते. पाणी उकळून घेतले की काम लवकर होईल हा समज म्हणूनच प्रत्येक भिंतीला लागू पडत नाही.

एप्रिलमध्ये जळगावात आणखी एक अडचण येते: भिंत भिजते न भिजते तोच वाळते. त्यामुळे एका वेळी दोन पट्ट्यांएवढाच भाग घ्यावा, भिजवल्यावर त्यावर पातळ प्लास्टिक चिकटवून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, पुन्हा एकदा भिजवावे आणि मग पुट्टीच्या रुंद पत्रीने, पत्री भिंतीशी लहान कोनात ठेवून, अस्तर खरवडावे. काम सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी करावे. पश्चिमेची भिंत तर दुपारनंतर हाताला चटका देते. पंखा बंद ठेवावा. जिप्समच्या भिंतीवर पाणी ओतण्याऐवजी ओला स्पंज पिळून वापरावा आणि दोन वेळांच्या मध्ये भिंत वाळू द्यावी.

अस्तर निघाले की काम संपले असे समजून रंगारी लगेच पुट्टी ओढतात, आणि काम बिघडते ते याच ठिकाणी. भिंतीवर चिकटीचा पारदर्शक थर शिल्लक असतो. तो न धुता पुट्टी किंवा रंग लावला तर वाळताना तो थर आकसतो, रंगाला बारीक तडे जातात आणि पोपडे सुटतात. म्हणून साबणाच्या पाण्याने आणि नंतर दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने, पाणी वारंवार बदलत, भिंत पुसावी. चिकट स्टार्चची असेल तर पुन्हा पाच-सहा ठिकाणी आयोडीनचा थेंब लावून पाहावा. कुठेही निळा-काळा डाग उमटला नाही म्हणजे भिंत स्वच्छ झाली. बुरशीची जागा पातळ ब्लीचने पुसून वाळवावी. हातमोजे घालावेत आणि ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरे कोणतेही क्लीनर मिसळू नये.

कागदाखाली जुना चकचकीत तेली रंग निघाला तर तो कोरडा घासू नये. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून त्याहून जास्त शिशाचे रंग बनवण्यास बंदी झाली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना विशेष घातक असते. असा रंग ओला करून, पाण्याच्या पॉलिश पेपरने, मुलांना व गरोदर स्त्रियांना दूर ठेवून घासावा आणि खाली पडलेला चिखल ओल्या फडक्याने गोळा करावा.

भिंत धुतल्यानंतर आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत वाळते. श्रावणात हेच काम असते तर मी आठवडाभर थांबायला सांगितले असते. त्यानंतर उघड्या सिमेंटच्या भिंतीवर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन पातळ हातांत, एकूण दीड मिलिमीटरपेक्षा जाड नाही अशी, द्यावी. जुन्या रंगावर ती धरत नाही. तिथे ॲक्रिलिक पुट्टी घ्यावी. पुट्टी वाळल्यावर घासाई, प्रायमर आणि इमल्शनचे दोन हात. उन्हाळ्यात रंग फार लवकर वाळून पट्टे उमटतात, म्हणून दोघांनी मिळून एक भिंत एका दमात, ओली कड ओलीच असताना पूर्ण करावी.

दिवसांचा हिशेब असा पडतो: काढणे व धुणे दोन दिवस, वाळणे तीन, भेगा आणि पुट्टी तीन, प्रायमर व रंग दोन ते तीन. कूलरची दुरुस्ती धरून पंधरा दिवस हाताशी असतील तर हॉल आखाजीआधी निश्चित पूर्ण होईल. तेवढे दिवस नसतील तर हॉलचा कागद काढून, भिंत धुऊन, प्रायमरचा एक हात देऊन सण तसाच साजरा करावा आणि पुट्टी-रंग त्यानंतर घ्यावा. बेडरूमचा घट्ट कागद तोवर आहे तसा राहू द्यावा. रंगाऱ्याशी दर ठरवताना कागद काढणे, चिकट धुणे आणि पुट्टी ही तीन कामे चौरस फुटाच्या दरात वेगवेगळी लिहून घ्यावीत आणि भिंत धुऊन झाल्यावर पुट्टीचा पहिला हात पडण्याआधी आपण स्वतः तिच्यावर ओले बोट फिरवून पाहावे.